नाताळच्या सिनेमातलं कुत्रं कुठून आलं?

कामं आवरून निवांत बसला असाल, नाहीतर शेंगा फोडत, भाजी निवडत ऐकत असाल. हात चालू द्या. आज एक गोष्ट सांगायची आहे. ती एका इंग्रजी सिनेमापासून सुरू होते आणि आपल्या अंगणात येऊन थांबते.

गेल्या डिसेंबरात आमच्या गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. एकीची मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने मोबाईलवर एक सिनेमा लावला, अमेरिकेतल्या टीव्हीसाठी काढलेला, नाताळचा. भाषा आम्हांला येत नव्हती. ती मधूनमधून सांगत होती, पण फारशी गरज पडली नाही. शहरातली एक मुलगी बर्फ पडलेल्या लहानशा गावात येते. तिथे एक तरुण असतो आणि त्याचं एक कुत्रं. कुत्रं पट्टा सोडवून पळतं, मुलीच्या कोऱ्या कोटावर चिखलाचे पाय उमटवतं. दोघांची बाचाबाची होते, आणि पहिल्या अर्ध्या तासातच आम्हां सगळ्यांना कळून चुकतं की यांचं जमणार. तसं ते जमलंच. दिवे लागले, बर्फ भुरभुरला, सिनेमा संपला.

सगळ्याजणी हसत उठल्या. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकू मात्र बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, दोघांचं भलं झालं, छान झालं. पण ते कुत्रं आलं कुठनं? आणि यांचं लग्न झाल्यावर त्याला भाकरी कोण घालणार, ते कुठं दाखवलं?"

आम्ही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग आम्ही तिघी-चौघींनी मिळून वाचायला घेतलं. काकूंच्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता आम्ही दीडशे वर्षं मागे गेलो. तेच आज तुम्हांला सांगतो.

असा सिनेमा बनतो कसा

आधी हा सिनेमा म्हणजे काय ते पाहू. हा थेटरात तिकीट काढून पाहायचा नसतो. खास टीव्हीसाठी काढतात, म्हणून याला टेलिफिल्म म्हणतात. दोन तासांचा वेळ असतो, त्यात जाहिराती धरून सगळं बसवायचं. त्यामुळे प्रत्यक्ष गोष्ट जेमतेम दीड तासाची. जाहिराती कुठे येणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे गोष्टीचेही तसेच तुकडे पाडून लिहितात, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी अडून राहतं. आता काय होणार, असं वाटून बघणारी जाहिरात संपेपर्यंत उठत नाही. आपल्याकडच्या मालिकांची युक्ती हीच.

खर्च बेताचा असतो. दोन-तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकतात. गोष्ट अमेरिकेतली असली तरी पुष्कळ सिनेमे शेजारच्या कॅनडात काढतात, कारण तिथे स्वस्त पडतं. डिसेंबरात दाखवायचा सिनेमा कितीदा भर उन्हाळ्यात काढलेला असतो. बर्फ खोटा असतो, कधी फेसाचा, कधी कागदाचा. नटनट्या घामाघूम होत लोकरीचे कोट घालून थंडी वाजल्याचा अभिनय करतात.

मग यात कुत्रं कशाला? आम्ही विचार केला तेव्हा ध्यानात आलं, की या सिनेमातलं निम्मं काम तेच करतं. ओळख नसलेल्या दोन माणसांना ते बोलायला लावतं. एकट्या माणसाला मनातलं बोलायला कुणीतरी मिळतं, म्हणजे आपल्यालाही त्याचं मन कळतं. आणि हा सिनेमा घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे मिळून पाहणार, म्हणून प्रेमातली जवळीक शेवटच्या मिनिटापर्यंत दाखवत नाहीत. मग माया दाखवायची कशी? कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवून. जो मुक्या जिवाला जपतो तो बाईलाही जपेल, असा हिशेब बघणारी मनात मांडते.

हा हिशेब काही अमेरिकेतून आलेला नाही. महाभारतात शेवटी धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा राहतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून आत यायला नाही म्हणतो. माणसाची परीक्षा कुत्र्यावरून घ्यायची, ही रीत आपल्याला फार जुनी.

बुटांच्या दोन खोक्यांपासून

आता या सिनेमांचा जन्म पाहू. यात एका कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा येतं, हॉलमार्क. ही कंपनी मुळात सिनेमावाली नाही, शुभेच्छापत्रं विकणारी. जॉइस हॉल नावाचा नेब्रास्का राज्यातला गरीब घरचा मुलगा १९१० साली कॅन्सस सिटी या शहरात आला. वय १८, आणि जवळ बुटांच्या दोन खोक्यांत भरलेली चित्रांची पोस्टकार्डं. तीच विकून त्याने धंदा सुरू केला, आणि त्यातून पुढे अमेरिकेतली सगळ्यात मोठी शुभेच्छापत्रांची कंपनी उभी राहिली.

पुढे घरोघरी टीव्ही आला. २४ डिसेंबर १९५१ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, या कंपनीच्या पैशाने टीव्हीवर एक संगीतनाटक दाखवलं गेलं. नाव 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स', संगीतकार मेनोत्ती. अमेरिकेत टीव्हीसाठी म्हणून मुद्दाम रचलेलं ते पहिलं संगीतनाटक. त्यातली गोष्ट एका विधवेची आणि तिच्या लंगड्या मुलाची आहे. घरात खायला काही नाही, आणि रात्री तीन राजे दारात उभे राहतात, बाळ येशूला भेटायला निघालेले. पुढे 'हॉलमार्क हॉल ऑफ फेम' या नावाने ओळखले गेलेले त्यांचे कार्यक्रम त्या रात्रीपासून सुरू झाले. शुभेच्छापत्रं विकणाऱ्याला कळलं होतं की सणाला माणसाचं मन हळवं असतं, आणि हळव्या मनाने माणूस पत्र पाठवतो. त्यांच्या पत्रांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बायका. नातीगोती सांभाळून कुणाला काय पाठवायचं हे लक्षात ठेवायचं काम तिथेही बायकांचंच.

१९७१ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका वाहिनीवर 'द होमकमिंग' नावाची टेलिफिल्म आली. १९३३ सालच्या मंदीचे दिवस, डोंगरातलं मोठं गरीब कुटुंब. बाप कामासाठी लांब गेलेला, नाताळच्या आदल्या रात्री परतायचा, आणि आला नाही. आईने चूल आणि पोरं सांभाळत वाट पाहायची. लोकांना ती इतकी भावली की त्यातून 'द वॉल्टन्स' ही मालिका निघाली आणि वर्षानुवर्षं चालली. म्हणजे सुरुवातीच्या या नाताळच्या गोष्टी प्रेमाच्या नव्हत्या, घराच्या आणि गरिबीच्या होत्या.

प्रेम नंतर आलं. २००१ साली हॉलमार्कची स्वतःच्या नावाची टीव्ही वाहिनी सुरू झाली. २००६ साली तिथे 'द ख्रिसमस कार्ड' नावाचा सिनेमा आला. दूर लढाईवर असलेल्या सैनिकाला एका अनोळखी बाईचं शुभेच्छापत्र मिळतं आणि तो तिच्या गावी जातो, अशी गोष्ट. ती खूप चालली. २००९ पासून त्यांनी नाताळच्या आधी कित्येक आठवडे रोज हेच सिनेमे दाखवायला सुरुवात केली. दहा वर्षांत वर्षाला ४० च्या आसपास नवे सिनेमे निघू लागले. दुसऱ्या वाहिन्यांनीही तोच रस्ता धरला. इतक्या गोष्टी काढायच्या तर दर वेळी नवं काय आणणार? मग कुठे बेकरी, कुठे झाडांची वाडी, कुठे अग्निशमन दलाचा जवान, आणि कितीतरी ठिकाणी कुत्रं. मांजरालाही संधी मिळाली. २०१४ च्या 'द नाइन लाइव्ह्ज ऑफ ख्रिसमस' मध्ये आगीच्या बंबावरचा जवान आणि जनावरांची डॉक्टरकी शिकणारी मुलगी यांना एक भटकं मांजर एकत्र आणतं.

पडद्यावरचं कुत्रं

कुत्रं मात्र पडद्यावर टीव्हीच्या कितीतरी आधी आलेलं. १९०५ साली इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांनी 'रेस्क्यूड बाय रोव्हर' नावाचा काही मिनिटांचा मूकपट काढला. तान्ह्या मुलीला पळवून नेतात आणि घरचं कुत्रं तिला शोधून काढतं. कुत्रं हेपवर्थ यांच्या घरचंच होतं, नाव ब्लेअर. बाळही त्यांचंच. गोष्ट त्यांच्या पत्नीने लिहिली आणि आईचं कामही तिनेच केलं. या फिल्मच्या इतक्या प्रती खपल्या की मूळ फिल्म झिजून गेली आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा चित्रित करावी लागली. कुत्र्याच्या सिनेमाचा पाया असा एका घराने घातला, आणि गोष्ट रचली घरातल्या बाईने.

पुढे अमेरिकेत रिन टिन टिन आला. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा १९१८ साली फ्रान्समधल्या एका पडीक ठिकाणी ली डंकन या सैनिकाला तो पिल्लू असताना सापडला. १९२३ पर्यंत तो सिनेमाचा नायक झाला होता.

मग १९४३ साली 'लॅसी कम होम' आला. पैशाची ओढाताण म्हणून एका गरीब घराला आपली लाडकी कुत्री विकावी लागते आणि ती शेकडो मैल चालत घरी परत येते. लॅसी ही मादी, पण तिचं काम केलं पाल नावाच्या नराने. कारण असं की मादीची लव ऋतूप्रमाणे झडते, आणि नर अंगाने मोठा दिसतो. पालनंतर त्याच्याच वंशातल्या नरांनी लॅसी केली. आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं होतं, हे आम्ही गटात सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे कुत्र्यांतसुद्धा नायिकेचं काम गड्याकडंच!" हे हसण्यावारी गेलं खरं, पण ही लॅसी लक्षात ठेवा. शेवटी तिची पुन्हा गरज पडणार आहे.

सिनेमातल्या जनावरांचे हालही झाले. १९३९ साली आलेल्या 'जेसी जेम्स' या सिनेमासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडलं आणि तो मेला. लोक संतापले. त्यानंतर १९४० पासून प्राणिदयेचं काम करणाऱ्या संस्थेची माणसं चित्रीकरणावर नजर ठेवू लागली. सिनेमाच्या शेवटी कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही अशी पाटी येते, ती या घोड्यामुळे.

कोंडवाड्यातून घरात

आता काकूंचा पहिला प्रश्न. कुत्रं आलं कुठून? या सिनेमांत पुष्कळदा उत्तर एकच असतं, निवाऱ्यातून. इंग्रजीत त्याला शेल्टर म्हणतात. टाकून दिलेली, हरवलेली कुत्री तिथे ठेवतात आणि ज्याला हवं तो घरी नेतो. नायक किंवा नायिका तिथे काम करते, निवारा पैशाअभावी बंद पडायला आलेला असतो, आणि नाताळच्या आत सगळ्या कुत्र्यांना घरं मिळवून द्यायची असतात. सिनेमात हे निवारे जसे काही पहिल्यापासूनच होते असं वाटतं. तसं नाही. ते कुणीतरी भांडून उभे केले, आणि भांडणाऱ्यांत बायका पुढे होत्या.

लंडनमध्ये मेरी टील्बी नावाची बाई होती. जन्म १८०१, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, हाताशी फारसा पैसा नाही. तिच्या एका मैत्रिणीला रस्त्यात उपाशी, मरायला टेकलेलं कुत्रं सापडलं. दोघींनी त्याला वाचवायची खटपट केली, पण ते गेलं. त्यानंतर मेरीने १८६० साली हॉलोवे भागातल्या जुन्या तबेल्यात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर सुरू केलं. तेव्हा मेरीचं वय साठीला आलेलं. लंडनच्या एका बड्या वर्तमानपत्राने खिल्ली उडवली. माणसं रस्त्यावर उपाशी मरतात आणि या बायकांना कुत्र्यांचा पुळका, असा सूर. मग १८६२ साली एका साप्ताहिकात या घराची बाजू घेणारा लेख आला. त्या साप्ताहिकाचे संपादक होते चार्ल्स डिकन्स, नाताळची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट लिहिणारे लेखक. त्या लेखाने लोकांचं मन वळायला मदत झाली. मेरी १८६५ साली वारली. तिचं ते घर १८७१ साली बॅटरसी भागात गेलं आणि आजही चालू आहे.

अमेरिकेतली गोष्ट तर आपल्या गटांनी मुद्दाम ऐकावी अशी. फिलाडेल्फिया शहरात कॅरोलाइन अर्ल व्हाइट राहायच्या. जन्म १८३३. वडील वकील होते आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग यांनी १८६६ साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था काढली. आपल्या शहरातही तशी हवी म्हणून कॅरोलाइनबाई कामाला लागल्या. सह्या गोळा केल्या, मोठ्या माणसांना भेटल्या. १८६७ साली संस्था उभी राहिली. पण तिच्या कार्यकारिणीत बाईला जागा नव्हती. जिने वणवण केली, तिलाच बैठकीत खुर्ची नाही.

त्यांनी काय केलं? १८६९ साली बायकांची वेगळी शाखा काढली, आणि कॅरोलाइनबाई तिच्या अध्यक्ष झाल्या. हे ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे महिला मंडळच की!" तेच.

या महिला मंडळाने हात घातला तो कुत्र्यांच्या कोंडवाड्याला. आपल्याला गुरांचा कोंडवाडा माहीत आहे. तिथे शहरात कुत्र्यांचा होता. भटकी कुत्री फास टाकून फरफटत आणायची आणि मारून टाकायची, असा तो कारभार. बायकांनी ते काम शहराकडून आपल्याकडे घेतलं. कुत्र्यांना खायला-प्यायला द्यायचं, मालक येतो का वाट पाहायची, नाही आला तर दुसरं घर शोधायचं. अमेरिकेतला पहिला प्राणिनिवारा म्हणून याचं नाव घेतात. सगळी कुत्री वाचली असं मात्र नाही. ज्यांना कुणीच नेलं नाही त्यांना मारावंच लागे, पण मरण कमी वेदनेचं असावं एवढं त्यांनी पाहिलं. ही कडू बाजूही सांगायला हवी, कारण सिनेमात ती येत नाही.

कॅरोलाइनबाई १९१६ साली वारल्या. अमेरिकेत देशभरातल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली. म्हणजे ज्या बाईने मुक्या जिवांसाठी शहराचा कारभार बदलायला लावला, तिला स्वतःला मत द्यायला मिळालं नाही.

आपल्याकडचंही थोडं सांगतो. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली होती. इंग्रज सरकारच्या हुकमाने पोलीस कुत्री मारत होते, आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. त्यात त्यांचा सणाचा दिवस. लोक चिडले, पोलिसांवर धावून गेले, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा या दोघांनी पुढाकार घेऊन मुंबईत पांजरपोळ उभं केलं, ते अशा जनावरांना वाचवण्यासाठीच. म्हणजे लंडनच्या आधी २६ वर्षं. तेव्हा निवारा हे काही परक्यांचं खूळ नाही.

सण संपल्यावर

आता दुसरा प्रश्न. पुढे भाकरी कोण घालणार?

हा प्रश्न विचारणारा एक सिनेमा आम्हांला सापडला. 'अ डॉग नेम्ड ख्रिसमस', हॉलमार्कचाच, २९ नोव्हेंबर २००९ रोजी दाखवलेला. ग्रेग किनकेड यांच्या कादंबरीवरून काढलेला. हा प्रेमाचा सिनेमा नाही, शेतकरी घराचा आहे. कॅन्सस राज्यातल्या शेतावर टॉड नावाचा २० वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर राहतो. त्याची समज वयाच्या मानाने कमी, पण जनावरांवर जीव फार. जवळच्या निवाऱ्याने लोकांना विनंती केलेली असते, की नाताळपुरतं एकेक कुत्रं घरी न्या. टॉड हट्ट धरतो. बाप नको म्हणतो, कारण त्याच्या आयुष्यात आधी कुत्री येऊन गेलेली आहेत आणि ते दुःख त्याच्या मनातून गेलेलं नाही. शेवटी तो कबूल होतो, पण सण संपला की कुत्रं परत. टॉड तेवढ्यावर थांबत नाही. निवाऱ्यातल्या सगळ्याच कुत्र्यांना घरं मिळावीत म्हणून तो गावाच्या मागे लागतो. शेवट आम्ही सांगत नाही. पण सण संपला की परत, ही जी अट आहे, तिच्यातच सगळं दुखणं आहे.

कारण सणाला पिल्लू भेट द्यायचं आणि हौस फिटली की रस्त्यावर सोडायचं, हे तिकडे इतकं वाढलं की १९७८ साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेच्या क्लॅरिसा बाल्डविन यांनी एक घोषवाक्य तयार केलं. कुत्रं नुसतं ख्रिसमसपुरतं नसतं, ते जन्मभराचं असतं, असा त्याचा अर्थ. तिथल्या पोराटोरांनाही ते पाठ आहे. पुन्हा एक बाई, आणि पुन्हा तोच काकूंचा प्रश्न.

हे सगळं आम्ही गटात सांगत होतो, तेव्हा आमच्यातली एक गप्प झाली. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाने हट्ट केला म्हणून घरी पिल्लू आणलं. दूध ती पाजायची, घाण ती काढायची. मुलगा दोन महिने खेळला आणि विसरला. पिल्लू मादी होतं. मोठी होऊ लागली तशी घरात बोलणी सुरू झाली. मादी आहे, दर वर्षी पोरं घालत बसेल, कोण निस्तरणार? एका बाजारच्या दिवशी घरच्यांनी तिला पोत्यात घातलं आणि लांबच्या गावच्या वेशीबाहेर सोडून आले. "मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी ताटातला तुकडा हातात घेऊन ओट्यावर आले, तेव्हा कळलं."

कुणीच काही बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, आमच्याकडं पण असंच झालं. मग तिसरी. सहा घरांत तीच गोष्ट निघाली, आणि सहाही वेळा सोडलेली ती मादीच होती. आम्हांला लॅसी आठवली. पडद्यावर कुत्री शेकडो मैल चालून घरी येते आणि आपण डोळे पुसतो. आपल्या वेशीबाहेर सोडलेलीला मात्र परतायला घर ठेवत नाही. आणि मादी आहे, कोण निस्तरणार, ही वाक्यं आपण बायकांनी आणखी कुणाबद्दल ऐकली आहेत, हे आम्ही सांगायला नको.

त्या सिनेमातल्या कुत्र्याचं काम दोघं भेटली की संपतं. खऱ्या कुत्र्याचं घरातलं आयुष्य तिथून पुढे दहा-बारा वर्षं चालतं. तेवढी वर्षं भाकरतुकडा, पाणी, आजारपण हे सगळं बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडतं. म्हणून कुत्रं आणायचं की नाही, हे ठरवताना तिचा शब्द आधी हवा. सोडायचं की नाही, हे ठरवतानाही हवा. कॅरोलाइनबाईंना बैठकीत खुर्ची नव्हती, तर त्यांनी आपली बैठक मांडली. आपल्याला निदान आपल्या ओट्यावर बोलता यायला हवं.

आणि निस्तरायला उपाय आहे. मादीची नसबंदी करता येते. जनावरांच्या दवाखान्यात विचारा, तुमच्या भागात ती कुठे होते ते तिथे कळेल. पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची, आणि पुढेही डॉक्टर सांगतील तशी देत राहायची. कुत्रं चावलं, ओरबाडलं, मग ते घरचं असो की गावचं, तर जखमेवर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. एवढं घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा.

डिसेंबर पुन्हा येईल. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. वसईत, गोव्यात, आपल्या तालुक्याच्या गावांतही कितीतरी घरांत तो सण होतो, दारात चांदण्या लागतात. आमची ती कॉलेजातली मुलगीही येईल आणि पुन्हा एखादा असाच सिनेमा लावेल. आम्ही तो आवडीने पाहू. दिवसभर राबून आलेल्या बाईला दीड तास सगळं गोड होताना पाहावंसं वाटलं, तर त्यात चुकीचं काही नाही. काकूंनी तर आत्ताच सांगून ठेवलं आहे, की शेवट कुणी सांगू नका, तो मला ठाऊक आहे, मला कुत्र्याचं काय ते बघायचं आहे.

आणि ती गप्प झालेली आमची मैत्रीण? तिच्या दारात सध्या एक तांबूस कुत्री असते. कुठून आली ठाऊक नाही. घरच्यांनी विचारलं, ही किती दिवस राहणार? ती म्हणाली, "राहील." मागच्या महिन्यात तिने स्वतःच्या पैशाने तिला लस दिली.

तुमच्या अंगणातलं कुत्रं कुठून आलं, त्याला तुकडा कोण घालतं, हे आपल्या गटात एकमेकींना विचारा. मिळालेल्या गोष्टी आम्हांला लिहून पाठवा, नाहीतर फोनवर सांगा. पुढच्या गप्पांत त्या वाचून दाखवू. तोवर, मैत्रिणींनो, नमस्कार.